पर्वताबाईचं फडकं

वैशाखात अकोल्याकडे जाऊ नये, हे वऱ्हाडात जन्मलेल्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही. तरी मी गेलो. माझा विद्यार्थी दिगंबर भर दुपारी दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "सर, आपल्या गावात नारू पुन्हा निघाला. अन् पर्वताबाईले वाळीत टाकलं. आपल्यापायी."

मी अमरावतीच्या कॉलेजात शास्त्र शिकवतो आणि सुट्यांत मुलांना खेड्यात नेऊन लोकांची मोहीम कशी उभी करावी हे शिकवतो. व्याख्यानं झोडू नका, गावाला आपलं वाटेल असं काही करा, गावाशी खोटं बोलू नका, एवढाच माझा अभ्यासक्रम. मागच्या दिवाळीत आम्ही पूर्णाकाठच्या एका गावी होतो. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, त्या बाईचा छळ आधीच पुष्कळ झाला आहे. तिथल्या विहिरींना खारं पाणी. गोडं पाणी एका बारवेला, आणि तीत लोक पायऱ्या उतरून, पाय बुडवून घागरी भरत. नारूचा जंतू जखमेच्या पायातून पाण्यात उतरतो, पिणाऱ्याच्या पोटात जातो आणि सुमारे वर्षानं हातापायातून दोऱ्यासारखा बाहेर पडतो. आम्ही दोन गोष्टी सांगितल्या: बारवेत उतरू नका आणि पाणी दुपदरी फडक्यातून गाळून प्या.

शेवटच्या दिवशी दिगंबरला कल्पना सुचली. साऱ्या गावानं महादेवासमोर बेलभंडारा उचलून शपथ घेतली, की बारवेत पाय घालणार नाही. पाटलांनी काठावर कप्पी बसवून दिली. मी इतका हरखलो की परतीच्या गाडीत बाकीच्या मुलांना म्हणालो, मोहीम अशी करतात!

आता तीच वाट पुन्हा. तुम्हाला जायचं असेल तर सांगतो: अमरावतीहून बडनेऱ्याला लवकर पोहोचा, कारण मुंबईकडची गाडी गच्च भरून येते आणि तिसऱ्या वर्गात खिडकीशी बसाल तर तोंड भाजून निघतं. सुरई सोबत हवीच. अकोल्याला उतरल्यावर कापसाचा बाजार ओस पडलेला, जिनांची धुराडी गप्प. ठेसनाबाहेरच्या खाणावळीत झुणका-भाकर खाऊन घ्या, पुढे काही मिळत नाही. आकोटच्या रस्त्यानं लॉरी जाते. ड्रायव्हरशी भाडं आधी ठरवा आणि टपावर बसू नका. फाट्यापासून बैलगाडी. काळी जमीन इतकी भेगाळलेली की बैलाचा पाय अडकेल म्हणून गाडीवान खाली उतरून चालत होता.

दिगंबर सोबत होता. तो त्याच बाजूच्या शेतकऱ्याचा मुलगा, गावात त्याच्या ओळखी. फाट्यापाशी म्हणाला, "सर, शपथेची अक्कल माझीच होती." मी त्याला पाणी दिलं. दुसरं काय देणार?

गावात शिरताच कळलं ते असं. ह्या उन्हाळ्यात पाच-सहा घरांत नारू निघाला. लोकांनी ठरवलं की कुणीतरी शपथ मोडली. शोध घेतला तर पर्वताबाई सापडली. ही माळ्याची विधवा, नदीकाठी वांगी नि सांभार, म्हणजे कोथिंबीर, लावते. तिच्याही मनगटात नि पायात नारू होता. हातानं दोर ओढवेना, म्हणून ती पहाटे गुपचूप पायऱ्या उतरली आणि कुणीतरी पाहिलं. तेव्हापासून तिला बारव बंद. ती खारं पाणी पीत होती.

संध्याकाळी देवळाच्या पारावर लोक जमले. मी सांगितलं, "आत्ता निघालेला नारू मागच्या उन्हाळ्याच्या पाण्यातला आहे. शपथेच्याही आधीचा. ह्या बाईचा त्यात दोष नाही."

पाटील म्हणाले, "मास्तर, हे तवाच काहून नाही सांगतलं?"

सांगितलं होतं. पण लक्षात राहिला बेलभंडारा. पाणी गाळता का, असं विचारलं तर एकजण हसला. "शपथ घेतली ना, मंग फडकं कायले पाह्यजे?"

मग पाराच्या कडेला बसलेला एक म्हातारा सावकाश बोलला, "बरं, ते जुनं झालं. पन हे बाई आवंदा नारूचा पाय घेऊन उतरली. त्याचा नारू पुढच्या साली येईन का नाही?"

नेमका प्रश्न. खरं उत्तर एकच होतं, आणि ते दिलं असतं तर पर्वताबाई जन्माची बाहेर राहिली असती. दिगंबरनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "नाही येत. उनानं मरते तो जंतू."

लोकांना तेच ऐकायचं होतं. पाटलांनी नारळ फोडायला लावला, बारव मोकळी केली. मी घाईघाईनं म्हणालो, "तरी पाणी गाळूनच प्या."

"नाही येत म्हन्ता, तं गाळाचं कायले?" पाटील म्हणाले.

मी पारावरून खाली उतरलो. अगदी खचलो होतो.

जेवायला पर्वताबाईकडेच गेलो. तिनं चुलीवरून नजर न काढता विचारलं, "दिगूभौ, पारावर बोल्ला ते खरं हाय?"

दिगंबरऐवजी मी म्हणालो, "नाही बाई. न गाळता पितील त्यांना येऊ शकतो."

"लेकराइले बी?"

"हो."

"अन् गाळलं तं?"

"नाही येणार."

भाकर करपली तरी तिनं उलटली नाही. "मंग सांगून देऊ का लोकाइले?"

"नको काकू," दिगंबर म्हणाला, "पुन्हा वाळीत टाकतीन."

सकाळी आमची गाडी बारवेवरून निघाली. पर्वताबाई कप्पीपाशी उभी होती. आपल्या लुगड्याचा पदर फाडून तिनं त्याची दुहेरी घडी केली होती, आणि येईल तिच्या घागरीच्या तोंडावर ती फडकं धरत होती. मनगटाला चिंधी बांधलेली. बायका समजल्या, बाई प्रायश्चित्त करते आहे. करू देत होत्या. तेवढ्यात एक तरुण सून आली, कडेवर मूल. तिनं फडक्याकडे पाहिलं, म्हणाली, "तुह्यं फडकं नोको मले," आणि घागर तशीच भरून डोक्यावर घेतली. पर्वताबाई तिच्यामागे चार पावलं गेली. काय सांगणार होती? परत येऊन पुढच्या घागरीवर फडकं धरलं.

घरी येऊन आठवडा झाला. दिगंबर परीक्षेनंतर त्या गावातच राहणार म्हणतो. कॉलेजात मुलं विचारतात, सर, दिवाळीत तिवश्याकडे नवी मोहीम काढायची का? मी म्हणतो, जुनीच संपलेली नाही. तुम्हीही मुलांना घेऊन कुठे जाणार असाल, तर जाण्याआधी पुढच्या वर्षी परत कधी जाणार ते ठरवा. मी वैशाखातच जाणार आहे. पाणी प्यायला घागर वाकवतो तेव्हा ती सून आठवते, आणि कडेवरचं ते मूल किती वर्षांचं होतं, पाणी पिऊ लागलं होतं का, हे मी विचारलंच नाही.