राहून गेलेलं मुखपृष्ठ

अनंता गेल्याची बातमी मोबाइलवर आली आणि ती वाचण्याआधी मी पाहिली. पिवळ्या कमळांची चौकट, दोन्ही बाजूंना तेवत्या समया, वर जांभळ्या अक्षरांत ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि मधोमध आडवा ताणून बसवलेला अनंताचा चेहरा. गाल इतके रुंद झालेले की क्षणभर ओळखच पटेना. त्याच्या दर्पण कॉलनीतल्या कुणीतरी घाईघाईत, चांगल्या मनानंच केलं असणार. मग खालचं नाव वाचलं, अंत्ययात्रेची वेळ वाचली आणि मी होतो तिथेच, चपला काढायच्या जागी, भिंतीला टेकून बसलो. पहिला विचार आला तो असा, की हे अनंताला दाखवायला हवं. तो चष्मा कपाळावर चढवून म्हणाला असता, “विन्या, माणूस गेलाय रे, बारसं नाहीये.”

अनंत देवस्थळे आणि मी ग्वाल्हेरच्या गोरखीतल्या शाळेत एका बाकावर होतो. पुढे मी कॉलेजात संगीत शिकवायला लागलो. तो चित्रकला शिकून ‘खरज’ नावाच्या संगीत मासिकात सजावटकार म्हणून लागला. मासिक हिंदी, मालक-संपादक भाऊसाहेब मराठी, आणि कचेरीतली भाषा म्हणजे दोन्हींची खिचडी. अनंता येण्यापूर्वीचं ‘खरज’ पाहिलेल्यांना ते आठवत असेल : मुखपृष्ठावर दर महिन्याला तीच वीणा, आत मुंगीएवढ्या अक्षरांचे लांबच लांब रकाने, आणि बुवांचे फोटो पासपोर्टच्या मापाचे. भाऊसाहेबांचं म्हणणं, ज्याला गाणं कळतं तो वाचेलच. अनंता शांतपणे म्हणायचा, “वाचेल हो भाऊसाहेब, पण आधी हातात तर घेऊ दे त्याला.”

त्यासाठी तो काय काय करायचा! संध्याकाळी ग्वाल्हेर स्टेशनावरच्या पुस्तकांच्या स्टॉलपाशी जाऊन उभा राहायचा. मीही पुष्कळदा बरोबर असे. स्टॉलवाला मासिकं एकावर एक अशी लावायचा की प्रत्येकाची फक्त वरची पट्टी दिसे. अनंतानं मग नावाची अक्षरं उचलून थेट वरच्या कडेला नेली. ‘खरज’ची शिरोरेषा अशी ओढली की ती ‘ज’वर न थांबता पानाच्या टोकापर्यंत जायची, ताणलेल्या तारेसारखी. खाली एकच मोठा फोटो. गाणाऱ्याचे मिटलेले डोळे, किंवा तबल्यावरून नुकताच उठलेला हात. बाकी सगळं मोकळं. त्या मोकळ्या जागेवरून भाऊसाहेबांशी त्याची दर महिन्याला जुंपायची. “कागद काय फुकट येतो का, देवस्थळे?” असं ते विचारत. अनंता म्हणे, “गाणारा दोन ताना घेऊन थांबतो ना, तेव्हा आपण ‘वा’ म्हणतो. वाचकालाही ‘वा’ म्हणायला जागा हवी.” आतल्या पानांवर रागाचं नाव तो हातानं काढायचा, कारण छापखान्यातल्या खिळ्यांत जोडाक्षरं मोडत. तोडीचा ‘त’ त्यानं एकदा असा खाली झुकवला होता की माझ्या वर्गातल्या मुली ते पान कापून वहीत चिकटवून आल्या. कुणी गायक फोटोत उजवीकडे पाहत असेल, तर त्याला तो डाव्या पानावरच बसवी. “बाहेर बघायला लागला तर वाचकही बाहेर जातो,” हे त्याचं साधं कारण. हळूहळू स्टॉलवर लोक ‘खरज’ मागून घ्यायला लागले. भाऊसाहेबांनी वीणा कायमची काढून टाकली आणि अनंताचं बरोबर होतं हे मात्र कधी बोलून दाखवलं नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो, तिच्याकडे येतो. अनंताची बायको सुधा गात होती. गात होती म्हणजे हौसेनं नव्हे, गुरूकडे वर्षानुवर्षं बसून, इथल्या गायकीचा भारदस्त ख्याल तिनं कमावला होता. मध्य सप्तकातला तिचा आवाज ऐकून माझ्यासारख्या मास्तरालाही गप्प बसावंसं वाटे. ‘खरज’नं शहरातल्या गायिकांवर विशेषांक काढायचं ठरवलं, तेव्हा तिच्यावरचा लेख मी लिहिला. फोटो अनंतानंच काढला, घरच्या गच्चीत, तानपुऱ्याच्या भोपळ्याला गाल टेकवून बसलेली सुधा. तो फोटो मुखपृष्ठासाठीच आहे, असं भाऊसाहेब स्वतः म्हणाले. पण अनंताला ते पटेना. घरचं माणूस वर लावलं तर लोक काय म्हणतील! त्यानं दुसऱ्या एका गायिकेला वर घेतलं आणि सुधाला आत पूर्ण पान दिलं. अंक छापायला जायच्या आदल्या दिवशी एक मोठी जाहिरात आली. एक पान काढायला हवं होतं. भाऊसाहेब कुणाचं काढू म्हणून विचारत होते, तेवढ्यात अनंतानं सुधाचं पान उचललं.

“घरातलंच आहे, ती समजून घेईल,” तो म्हणाला. मी तिथेच होतो.

सुधावहिनीनं समजून घेतलं. अंक हातात आल्यावर तिनं सगळी पानं उलटली, ‘छान झालाय’ म्हणाली आणि आम्हाला जेवायला वाढलं. अनंता म्हणाला, “पुढच्या वेळी थेट मुखपृष्ठावर.” ती हसली. पण पुढच्या वेळी कुणी मोठे बुवा शहरात आले, त्याच्या पुढच्या वेळी कुणी वारलं, कधी होळी, कधी संगीत समारोह... घरचं पान केव्हाही लावता येतं, ही त्याची समजूत, आणि म्हणूनच ते कधी लागलं नाही. दरम्यान वहिनीच्या गळ्याशी गाठ आली. शस्त्रक्रिया झाली, गाठ निघाली, जीव वाचला. आवाज मात्र परत आला नाही. बोलणं राहिलं, तेही कागद चुरगळल्यासारखं. तानपुऱ्याला तिनं स्वतःच्या हातानं गवसणी घातली. त्या दिवसानंतर त्या घरात मी कुणाला साधं गुणगुणतानाही ऐकलं नाही.

भाऊसाहेब गेल्यावर मासिक त्यांच्या मुलाकडे आलं. मुलगा वाईट नव्हता, त्याला धंदा टिकवायचा होता. मुखपृष्ठावर टीव्हीच्या स्पर्धांतली पोरं आली, चेहऱ्यांवर चेहरे, त्यांच्यावर लाल-पिवळी अक्षरं, कोपऱ्यात भडक गोल शिक्के. खरं सांगायचं तर सुरुवातीला अंक जास्त खपले. अनंता ते सगळं मुकाट्यानं संगणकावर बसवायचा आणि घरी येऊन हात धुवायचा. नंतर लोक मोबाइलमध्येच बघायला लागले आणि ‘खरज’ बंद करायचं ठरलं. शेवटच्या अंकाच्या वेळी अनंतानं उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःसाठी काही मागितलं. सुधाचा तो गच्चीवरचा फोटो भाऊसाहेबांच्या मुलापुढे ठेवून म्हणाला, हे शेवटचं मुखपृष्ठ मला करू दे.

मुलानं फोटो नीट पाहिला. “अंकल, फोटो तो बहुत अच्छा है,” तो म्हणाला, “पर आंटी तो अब गाती नहीं ना? कवर पे पहचानेगा कौन?”

अनंतानं फोटो उचलला. त्यानं घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं, तर वहिनी म्हणाली, “बरोबर बोलला तो.” शेवटचा अंक जुन्या मुखपृष्ठांचे तुकडे जोडून निघाला. त्यानंतर काही दिवसांनी अनंतानं ते पान तरीही केलं. शिरोरेषा टोकापर्यंत, खाली सुधा, बाकी सगळं मोकळं. हरिशंकरपुरममधल्या छपाईच्या दुकानातून एकच प्रत चांगल्या कागदावर काढून आणली आणि सकाळच्या चहाबरोबर तिच्यापुढे ठेवली. पुढचं त्यानंच मला सांगितलं, एकदाच, फुलबागेच्या रस्त्यानं चालत असताना, माझ्याकडे न बघता.

“किती वेळ बघत होती रे. मला वाटलं, रडेल. मग विचारलं, हा तेव्हाचाच फोटो ना? मी हो म्हटलं. तर म्हणाली, मग तेव्हाच लावायचा होता... आणि कपाटात ठेवून दिला. बस. बात खतम.”

मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेलो. त्यानं हात वर करून मला थांबवलं. त्यानंतर तो झपाट्यानं खचत गेला. आधी साखरेनं डोळे धरले, मग मूत्रपिंडं. शेवटी भेटलो तेव्हा त्याला माझा चेहराही धूसर दिसत होता. हातात वर्तमानपत्र होतं, पण वाचण्यासाठी नव्हे. बोटं समासावरून फिरवत म्हणाला, “किती कोंबून ठेवलंय बघ...” छापलेलं दिसत नसताना त्याला ते कसं कळलं, मला अजून उमगलेलं नाही.

परवा दुपारी वहिनीला भेटायला गेलो. तिचा मुलगा इंदूरहून आला होता तो परत गेला होता. ती एकटीच होती. चहा झाला. मी अनंताबद्दल चांगलं चांगलं बोलत राहिलो, जसं अशा वेळी बोलतात. तिनं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, “भाऊजी, मी रागावले होते त्यांच्यावर. अजून आहे. ते गेले म्हणून राग कुठे जातो?” तिच्या फाटक्या आवाजात ते वाक्य मोठ्या कष्टानं बाहेर आलं. मी मान खाली घातली. बाहेर कुठेतरी भाजीवाला ओरडत गेला.

आम्ही बसलो होतो ती अनंताची कामाची खोली. खिडकीपाशी उतरत्या फळीचं त्याचं टेबल अजून आहे, वर काहीच नाही, पुसून ठेवलेलं. बोलता बोलता ऊन सरकत खिडकीत आलं. वहिनी गुडघ्यावर हात टेकून उठली, सावकाश गेली आणि पडदा अर्धा ओढला. सगळा नाही, बरोबर टेबलापुरता.

“पानावर ऊन आलं की यांना रंग कळत नाहीत,” ती म्हणाली.

मग पडदा धरून तशीच उभी राहिली. मी म्हटलं, “वहिनी, बसा.” ती आली, बसली. पडदा तसाच राहिला, आणि दुपार सरेपर्यंत आम्ही दोघं त्या अर्ध्या सावलीत बसून होतो.