नेलपॉलिश वाळेपर्यंत

आमच्या पार्लरमध्ये नखांच्या पहिल्या टेबलावर जी बसायची तिला सगळ्या ताईच म्हणायच्या. मी मालकीण असून मीही ताईच म्हणायचे, आणि मी वयाने लहान म्हणून ती मला खुशाल दटावायची. गिऱ्हाइकांनी मात्र तिचं नाव पाडलं होतं झटपट. "झटपट आहे का आज?" असं बायका दारातूनच विचारायच्या. ती सुट्टीवर असली की निम्म्या जणी "मग उद्याच येते" म्हणून परत फिरायच्या आणि माझ्या पोटात दुखायचं. खोटं कशाला बोलू?

नेलपॉलिश काय, कुणालाही लावता येतं. ते वाळेपर्यंत गप्प बसणं कुणाला जमत नाही. कुणाला पर्समधली किल्ली आठवते, कुणाचं नाक खाजतं, कुणाच्या नवऱ्याला बरोबर तेव्हाच फोन करायचा असतो. त्यातून पहिल्या आणि दुसऱ्या कोटाच्या मधला वेळ सगळ्यात वाईट. पहिला ओला असताना दुसरा चढवला की खालचा काही केल्या वाळत नाही. वरून ठणठणीत कोरडा दिसतो, आणि रात्री उशीखाली हात गेला की सकाळी नखावर अभ्र्याची वीण उमटलेली. मग त्या बाई येतात भांडायला, आणि ऐकून घ्यायचं मी.

ताईच्या हातचं असं कधी झालं नाही. नखं कितीही स्वच्छ दिसली तरी ती आधी रिमूव्हरने पुसून घ्यायची, कारण तेलकट नखावर रंग धरत नाही. बाटलीतला रंग दाटला की बाटली सरळ कचऱ्यात, मी कितीही आरडाओरडा केला तरी. ब्रश बाटलीच्या तोंडावर असा निपटायची की आता नखाला लावायला उरलं काय, असं मला वाटायचं. सुरुवात अंगठ्यापासून. दोन्ही पंजे संपवून परत यायची तोवर पहिला अंगठा दुसऱ्या कोटासाठी तयार असायचा. टेबलावर छोटा पंखा, गार वाऱ्याचा. एकदा दुसऱ्या पोरीने घाईघाईत केस वाळवायचा ड्रायर गरम करून नखांवर धरला, तर ताई कडाडली, "अगं, लोणी आहे का ते, वितळवायला?" सगळं झालं, वरचा चकाकीचा कोट बसला, की बोटं गार पाण्याच्या वाटीत. बाई उठायची, पर्सची चेन स्वतःच्या हाताने ओढायची आणि चालू लागायची.

इतर टेबलांवर नखं वाळेपर्यंत गप्पा व्हायच्या. सुनांची गाऱ्हाणी, मुलांचे निकाल, कुणाकुणाची लफडी. ताईच्या टेबलावर गप्पांना जागाच नव्हती. तिला त्याचा अभिमानही होता. "मी नखं करते, न्यायनिवाडे करत नाही," म्हणायची. चहासुद्धा उभ्याने प्यायची ती. मला कधीकधी तिचा रागच यायचा. कुठे आग लागली होती कोण जाणे.

आता तिच्या घरचं सांगते. मला हे सगळं नंतर कळलं, पण आधी सांगितलं नाही तर पुढचं कळायचं नाही. वडील लवकर गेले तेव्हा ताई कामाला लागली. धाकट्या बहिणीचं शिक्षण तिने केलं, लग्न लावून दिलं. स्वतःचं राहूनच गेलं. पुढे आई पडली आणि अंथरुणाला खिळली, तेव्हा तिला धाकटीने आपल्या घरी नेलं. कूस बदलणं, भरवणं, चादरी धुणं, सगळं धाकटीने वर्षानुवर्षं केलं. मग एक दिवस तिचा फोन आला. "ताई, माझी पाठ गेली गं. थोडे महिने तू ने आईला." ताई म्हणाली, "सध्या खूप गर्दी आहे, बघते." पुन्हा फोन आला, ताई पुन्हा बघते म्हणाली. शेवटी धाकटीने आईला वृद्धाश्रमात ठेवलं आणि वर्षाच्या आत आई तिथेच गेली. आईला पोचवून घरी आल्यावर, सगळी माणसं बसलेली असताना, ताई बहिणीला म्हणाली, "तू आईला टाकलंस. माझ्या दारात पुन्हा पाऊल ठेवू नकोस."

धाकटीने उलट उत्तर दिलं नाही. पाऊलही ठेवलं नाही.

एका दुपारी, गिऱ्हाइकांचा दुष्काळ असतो त्या वेळेला, एक बाई आत आली. साधीशी, केस घट्ट बांधलेले, हातात बऱ्यापैकी मोठी बॅग. भिंतीवरची यादी वाचत नुसतीच उभी राहिली. मी विचारलं, "थ्रेडिंग का?" म्हणाली, "नाही, नखं." दुसरी पोरगी रिकामी होती, ती लगबगीने उठली, तर बाईने ताईकडे बोट केलं. "त्यांच्याकडे." पोरीचं तोंड एवढंसं झालं.

ताईने मान वर करून पाहिलं आणि म्हणाली, "बसा."

मला कशाचा पत्ता? मी आपली काउंटरवर टॉवेलांच्या घड्या घालत होते. बाईची नखं भांडी घासून झिजलेली होती, हे तेवढं दिसलं. ताईने रंग कोणता विचारला, तर बाई म्हणाली, "तूच सांग." पहिल्यांदा येऊन एकदम अरेतुरे! उद्धटच दिसते, असं मी मनात म्हटलं.

ताईने गडद मरून काढला.

"मला काही घाई नाहीये," बाई म्हणाली.

"आमच्याकडे वेळ लागतच नाही," ताई म्हणाली आणि पंखा लावला.

"गुडघे कसे आहेत?"

"आहेत. हात सैल सोडा."

त्या दिवशी ताईचे हात असे चालले की मी टॉवेल सोडून बघत बसले. इतकी वर्षं तिचं काम पाहत होते, पण हे काही वेगळंच होतं. एका नखाला कडेला थेंबभर रंग लागला नाही. कुठे रेघ नाही, फुगवटा नाही. दुसरा कोट झाला तेव्हा बाई हळूच म्हणाली, "अजून एक लावतेस?"

"दोन पुरेत. तिसऱ्याने जाड होतं, मग वाळत नाही."

"नाही वाळलं तर बसेन की."

ताईने वरचा चकाकीचा कोट घेतला, पंखा जवळ ओढला, पाण्याची वाटी पुढे सरकवली. "झालं," म्हणाली.

बाईने बोटं पुसून डोळ्यांसमोर धरली. "किती सुरेख केलंस गं." मग दोन्ही हात पुन्हा टेबलावर पसरून बसून राहिली. मला तेव्हाच कळायला हवं होतं. नखं वाळल्यावर कुणी असं हात पसरून बसत नाही. ताई खाली मान घालून बाटल्यांची झाकणं घट्ट करत होती. आधीच घट्ट असलेली.

तेवढ्यात आमचं एक नेहमीचं गिऱ्हाईक दारातून ओरडलं, "झटपट, आहे का जागा?"

आणि ताई म्हणाली, "आहे ना, या."

बाई उठली. दुसरीला बसता यावं म्हणून तिने खुर्चीसुद्धा नीट करून दिली. बॅग उचलली, मला नमस्कारासारखी मान हलवली आणि गेली.

नव्या गिऱ्हाइकाच्या अंगठ्यावर ताईने ब्रश टेकवला आणि रंग पार पेरापर्यंत गेला. शिकाऊ मुलीसुद्धा एवढा घोळ घालत नाहीत. मी काही बोलणार, तर तीच म्हणाली, "ती माझी बहीण होती."

"मग बसलीस काय? धाव!" मी अशी ओरडले की ते गिऱ्हाईकच दचकून उभं राहिलं. ताई ब्रश हातात घेऊनच पळाली. कोपऱ्यापर्यंत जाऊन आली, दुखऱ्या गुडघ्यांनी. "गेली," म्हणाली, आणि त्या गिऱ्हाइकाचा अंगठा पुसायला बसली.

संध्याकाळी मी तिला बोलतं केलं. हकिकत ऐकून माझं डोकंच फिरलं. "अगं, समोर हात पसरून बसली होती ती! हलताही येत नव्हतं बिचारीला! एक शब्द बोलायला काय झालं होतं?"

ताई म्हणाली, "मला वाटलं, आधी काम दाखवू. ज्याच्यापायी मला आईकडे बघायला वेळ झाला नाही, ते काम निदान चांगलं आहे, हे तरी तिला दिसू दे." मग म्हणाली, "आणि भीती वाटली. भीती वाटली की माझे हात आणखी भरभर चालतात."

मी उठून चहा केला. त्या दिवशी तिने तो बसून प्यायला, पण निम्मा तसाच ठेवला.

मग ती वाट बघायला लागली. रंग उडाला की येईल, असं तिचं म्हणणं. भांडी घासणारे हात आहेत, कितीसा टिकणार? दुपार झाली की ती दाराकडे तोंड करून बसायची. दिवस गेले, महिना गेला. एकदा मला म्हणाली, "फारच पक्कं लावलं गं मी. जरा कच्चं ठेवायला हवं होतं." मी हसले नाही. ती गंमत करत नव्हती.

"तूच जा की तिच्या घरी," मी म्हणायचे.

"मी तिला दारात येऊ नकोस म्हटलं. आता तिच्या दारात कोणत्या तोंडाने जाऊ?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. धाकटीने ताईचा शब्द पाळला होता. ताईच्या दारात पाऊल टाकायचं नाही, म्हणून ती माझ्या दारातून आत आली. मी हे ताईला बोलून दाखवलं. बोलले नसते तर बरं झालं असतं असं क्षणभर वाटलं, इतका तिचा चेहरा उतरला. पण पुढच्या सुट्टीला ती गेली.

घराला कुलूप. शेजारच्या बाईंनी सांगितलं, त्या कधीच्याच मुलीकडे गेल्या, परदेशात, कायमच्या. ताईने आपण कोण ते सांगितलं, तेव्हा शेजारीण म्हणाली, "तुम्हीच का त्या? जायच्या आधी तुमच्याकडे येऊन गेल्या ना. दोन दिवस राहीन म्हणाल्या होत्या, बॅग भरून निघाल्या, मांजराला दूध घालायचं मला सांगून गेल्या. आणि संध्याकाळी बघते तर परत! मी म्हटलं, एवढ्यात आलात? तर नखं दाखवली आणि म्हणाल्या, ताईचं काम फार भरभर असतं."

ताईने हे मला जसंच्या तसं सांगितलं, एक शब्द न गाळता. शेजारणीने फोन नंबर दिला होता. घरून एकटीने लावायचा धीर होईना, म्हणून दुसऱ्या दिवशी पार्लर उघडायच्या आधी, शटर निम्मं वर करून, तिने माझ्यासमोर लावला. तिला फोनवर कमी ऐकू येतं, त्यामुळे आवाज मोठा ठेवला होता. मला सगळं ऐकू आलं.

"ताई? अगं बाई! कशी आहेस?" धाकटीचा आवाज चांगला मोकळा होता.

इकडचं तिकडचं झालं. तिकडची थंडी, नातीची शाळा. मग ताईने एकदम विचारलं, "त्या दिवशी तू काय बोलायला आली होतीस?"

तिकडे कुणीतरी नळ सोडला होता, तो बंद झाला.

"बोलायला नव्हते गं आले. ऐकायला आले होते. आईला तूसुद्धा सांभाळू शकली नसतीस, एवढं एकदा तुझ्या तोंडून ऐकायचं होतं."

"नसतेच शकले," ताई म्हणाली. लगेच म्हणाली. "मी तर आठवडाभरसुद्धा सांभाळू शकले नसते. तू केलंस. तू आईला टाकलं नाहीस. माझं चुकलं गं, फार चुकलं." आणि बहिणीला सगळ्यांसमोर तसं बोललेली ताई माझ्यासमोर ढसाढसा रडायला लागली.

धाकटीने तिला रडू दिलं. मग म्हणाली, "रडू नकोस. तुझ्याकडून परत आल्यावर मीही खूप रडले. मग इथे आले. एकटीच बसून माझं मलाच समजावत राहिले, की आईला आपण टाकलं नाही. हळूहळू पटलं मला. आता कुणी सांगायची गरज राहिली नाही, ताई."

बोलली ती मायेनेच. ताईची समजूत घालत होती बिचारी, जशी अनोळखी रडणाऱ्या बाईची घालावी. मग गुडघ्यांना तेल लाव म्हणाली, तब्येतीला जप म्हणाली, आणि नातीला शाळेत सोडायचंय म्हणून तिने फोन ठेवला.