बुंदुकसाठी केलेल्या पेट्या

इन्शिराहच्या घरी कुणाला संत्रं स्वतः सोलावं लागलं नाही. साल, शिरा, बिया काढून फोडी ताटलीत यायच्या. बोय मासा काटे काढूनच नवऱ्याच्या ताटात पडायचा. नवरा साठीला आला तरी. इजिप्तमधल्या दुमयात शहरात तिच्या आईने हेच केलं होतं, सासूनेही. घरातल्या जिवाला घासासाठी खटपट करावी लागली तर घरच्या बाईला कमीपणा, एवढं ती जाणून होती.

नवरा वहदान लाकडावर नक्षी कोरायचा; लोक त्याला उस्ता, म्हणजे कसबी कारागीर, म्हणायचे. लोकांच्या दिवाणखान्यातल्या सोनेरी खुर्च्यांच्या पाठी त्याच्या हातच्या असत. मग कोरणारी यंत्रं आली, त्याचा छोटा कारखाना बंद पडला. छिन्न्या फडक्यात गुंडाळून फळीवर गेल्या आणि वहदान चहाच्या दुकानात जाऊन बसू लागला. मुलगा सफवत कुवेतला गेला तेव्हा आपला राखाडी पोपट, बुंदुक, मागे ठेवून गेला. काही दिवसांनी बुंदुक स्वतःचीच पिसं उपटू लागला.

प्राण्यांच्या डॉक्टर मुशीराबाईंनी त्याला उलटासुलटा करून पाहिलं. "आजारी नाही हा. कंटाळलाय. रानात दिवसभर दाणा शोधत हिंडला असता, इथे वाडगा भरलेला. त्याला खाणं शोधायला लावा, उस्ता."

"म्हणजे माझ्यासारखाच बेकार," वहदान म्हणाला.

त्याच संध्याकाळी त्याने छिन्न्या खाली काढल्या. पहिली पेटी साधी होती. झाकण सरकवलं की आत भोपळ्याच्या बिया. मग खुंटीची केली, मग आतल्या आत फिरणाऱ्या खणाची. काम करताना तो गुणगुणू लागला. कितीतरी दिवसांनी त्याच्या सदऱ्यावर भुसा दिसला.

"अबू सफवत, दाण्यासाठी त्याची परीक्षा घेणार तुम्ही?" मुलाच्या नावाने नवऱ्याला हाक मारत इन्शिराह म्हणाली. "पाहुण्याला कुणी कुलूप दाखवतं का?"

"पाहुणा नाही तो. माझा शागीर्द आहे."

पहिली पेटी पिंजऱ्यात ठेवून तो असरच्या, तिसऱ्या प्रहराच्या, नमाजाला गेला आणि तिथून चहाला. बुंदुकने पेटी चोचीने दोनदा ठोकली. झाकण हललं नाही. त्याने मान वाकडी केली आणि हुबेहूब वहदानच्या आवाजात हाक मारली, "इन्शिराह."

तिला राहवलं नाही. तिने झाकण सरकवलं आणि बिया सोलून त्याच्यापुढे धरल्या.

दुसऱ्या दिवशी त्याने पेटीला चोचही लावली नाही. वहदानची पावलं जिन्यावरून उतरेपर्यंत थांबला आणि हाक मारली.

वहदान परत आला की आधी पेटीत डोकावायचा. रिकामी. चहाच्या दुकानात तो दुसरं काही बोलेना. "तुझ्यापेक्षा पक्षी हुशार निघाला," मित्र म्हणायचे. "कारखाना त्याच्या नावावर कर, आम्ही त्याच्याशीच भाव ठरवू." हे तो घरी येऊन तिला सांगायचा आणि पोट धरून हसायचा. तो असा हसलेला तिने बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. मग सांगायचं कसं?

पेट्या अवघड होत गेल्या. शेवटी त्याने लाकडाचा तारा केला. पाच टोकं, पाचही ठरावीक क्रमाने फिरवली की मधला बदाम खाली पडायचा. इन्शिराहला तो क्रम कधी जमला नाही. ती तारा उलटा करून तळाची फळी सुरीने उचकायची, बदाम काढायची आणि फळी पुन्हा दाबून बसवायची.

पिसं मात्र गळतच राहिली. बुंदुकची छाती उघडी पडली. मुशीराबाईंनी विचारलं, "पेट्या उघडतो म्हणता? रोज?"

"रोज. सगळ्या. ताराही."

"मग डोकं रिकामं नाही त्याचं. हे घरच मानवत नसेल. कुणाकडे असाच दुसरा पक्षी असला तर तिथे ठेवून बघा."

इन्शिराह पिंजऱ्यावरचं फडकं हातात घेऊन उभी होती. आता बोलायलाच हवं होतं. पण वहदान टेबलावर बोटाने तारा काढून दाखवत होता. कुठलं टोक आधी, कुठलं नंतर. डॉक्टरीणबाई कौतुकाने बघत होत्या. तिने फडक्याची घडी केली.

बुंदुक समुद्रकाठच्या रास अल-बर्रला मादाम तहानींकडे गेला; त्यांच्याकडे अशीच एक म्हातारी राखाडी मादी होती. सगळ्या पेट्या वहदानने बरोबर दिल्या.

हिवाळा सरता सरता तहानींचा फोन आला. त्यांनी आधी एक व्हिडिओ पाठवला होता. बुंदुकच्या छातीवर नवी पिसं आली होती. तो ताऱ्याचं एक टोक फिरवत होता, चुकत होता, मागे सरून बघत होता, पुन्हा येत होता. मधूनच रागाने ओरडत होता. शेवटी बदाम पडला.

"माझ्या म्हातारीशी काही जमलं नाही त्याचं," तहानी सांगत होत्या. "एकमेकांकडे पाठ करून बसतात. सुरुवातीला हा पेटीशेजारी बसून इन्शिराह, इन्शिराह करायचा. साधं झाकणही उघडता येत नव्हतं. मी लक्ष दिलं नाही. मग लागला स्वतःच."

वहदानने फोन ठेवला. व्हिडिओ पुन्हा पाहिला. "पेट्या त्याच," तो म्हणाला. "माझ्याच. मग आपल्याकडे काय कमी पडलं, उम्म सफवत?"

इन्शिराहच्या हातात संत्रं होतं. अर्धं सोललेलं.

"इथे तो उघडत नव्हता," ती म्हणाली. "मी उघडत होते."

त्याला कळायला वेळ लागला.

"सगळ्या?"

"सगळ्या."

"ताराही?"

"तो खालून. सुरीने."

खालच्या गल्लीत कुणीतरी फळ्या उतरवत होतं. फळ्या एकमेकींवर आपटत होत्या.

"परत आणू या का त्याला?" तिने विचारलं.

"दिलेला पक्षी परत मागायचा? कुठल्या तोंडाने? आणि आणून काय करायचं, तो तिथे बरा आहे." त्याने फोन पालथा ठेवला. "मुशीराबाईंपुढे सांगितलं असतंस, तर द्यावाच लागला नसता."

"तिथे तुम्ही तारा दाखवत होता."

वहदान रागावला असता तर तिला पुढे बोलता आलं असतं. त्याने तिच्या हातातून संत्रं घेतलं आणि उरलेली साल स्वतः काढू लागला. नीट जमत नव्हतं. रस मनगटावरून ओघळत होता. तिचे हात पुढे झाले आणि मांडीवर परत आले.