रामसिंगच्या गाठीचं गणित

त्या दिवशी ऊन असं होतं, की हळद शिजवायच्या कढईपाशी उभं राहा नाहीतर बांधावर, घाम सारखाच. कढई उकळेस्तोवर माणसं बसतात, अन् बसली की माझ्या लेकीचे किस्से निघतात. दरसाली एखादा वाढतोच!

वैशाली माझी थोरली. शहरात गणितात पीएचडी करत होती. माझ्या शेताला लागून तांड्यावरच्या रामसिंगचं शेत. तो विचारायचा, "तात्या, पोरगी करते काय?"

"कॅन्सरच्या किरणांचं गणित."

"म्हंजे डॉक्टर?"

"न्हाई."

"मंग किरणं देते कुणाला?"

"कम्प्युटरला!"

*

एकदा मी हळदीत तणनाशक मारत होतो. सुट्टीत आलेली वैशाली म्हणाली, "बाबा, सगळं एकदमच काहून न्हाई मारत?"

"तणासंगं हळदबी जळंल. थोडं मारायचं, हळदीला सावरू द्यायचं, मंग पुन्हा."

ती बांधावरच बसली, वही काढली. "बाबा, दोन वर्षं झाली, मी किरणांचं हेच गणित मांडून राहिले!"

मी पाठीवरच्या पंपासकट घरी गेलो अन् बायकोला सांगितलं, "आपण पीएचडी पास झालो!"

*

मग रामसिंगच्याच गळ्यात गाठ निघाली. दवाखान्यात म्हणाले, दीड महिना रोज किरणांचा शेक. हा डॉक्टरला म्हणतो, "साहेब, शेतात लई काम हाये. सगळा शेक चार दिसांत देऊन टाका ना!"

अर्ध्यावर त्याचा गळा सोलला. पाणी गिळेना. पळून घरी आला. आठ दिवस झाले तरी परत जायचं नाव नाही. मी एसटीडीवरून वैशालीला फोन लावला. ती रडकुंडीला आली. "बाबा, गळा सावरतोय, पण गाठबी सावरून राहिली. आजच्या आज धाडा!"

मी रामसिंगकडं गेलो. "फवारणी अर्धी सोडली तर तण काय करतं?"

"पुन्हा उठतं."

"मंग?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीत तो पिशवी घेऊन बसला होता.

*

गाठ गेली. आवाज तेवढा घोगरा राहिला.

अन् त्या उन्हाच्या दिवशी वैशाली पीएचडीचं जाड पुस्तक घेऊन थेट कढईपाशीच आली. पानोपानी आकडे. रामसिंगनं धोतराला हात पुसले. "बाई, यात माझ्यासारखा कुणी हाये का?"

तिनं एक पान काढलं. दोन रेघा होत्या. "काका, ही चांगल्या मांसाची. ही गाठीची." गाठीची रेघ पायरी-पायरीनं उतरत आली होती, मधेच जराशी वर चढली होती, अन् मग पार खाली गेली होती.

रामसिंगनं त्या चढावर बोट टेकवलं. कागदावर हळदीचा पिवळा डाग पडला.

"तात्या, हे बघा! इथं मी घरी पळून आलो व्हतो."