अवघड जागेची जाहिरात

प्रसेनजितचा आवाज वडनेर भोलजीत शाळकरी पोरंही ओळखतात. नांदुऱ्यात साड्यांचा सेल लागला, खामगावात मोबाइलचं नवं दुकान उघडलं, गावात कोणी वारलं आणि मयत कधी निघणार ते कळवायचं असलं, की त्याचा ॲपे ऑटो भोंगा लावून गल्लीगल्लीतून फिरतो. बाकीचे लोक जाहिरात रेकॉर्ड करून लावून देतात. हा तसं करत नाही. एका हातात हँडल, दुसऱ्या हातात माइक, आणि समोर जो दिसेल त्याचं नाव घेऊन बोलतो. माझं बसस्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान आहे आणि त्याचा ऑटो माझ्याच दुकानापुढे उभा असतो. त्याची बरीचशी गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली, उरलेली त्यानं सांगितली.

वडील सहदेव गवंडीकाम करतात, आई पंचफुला शेतात निंदणाला जाते. प्रसेनजित शाळेच्या कबड्डी संघात होता. दहावीच्या वर्षी एका सकाळी तो उठला तो खाली, त्या अवघड जागेत कळ घेऊनच. उभं राहता येईना. एक उलटी झाली. आईनं विचारलं, "काय होऊन राह्यलं रे?" तर म्हणाला, "पोट दुखते."

सोळा वर्षांच्या पोरानं आईला दुसरं काय सांगावं? तिनं ओवा दिला, गरम पाणी दिलं. गावातल्या एका डॉक्टरकडे नेलं तर तिथंही त्यानं पोटावरच हात ठेवला, डॉक्टरनं पोटाचं इंजेक्शन दिलं. दुसरा दिवस तसाच गेला. मग ताप चढला आणि तो पाय फाकवून भिंतीला धरून चालताना सहदेवरावांनी पाहिला, तेव्हा कुठे त्याला अकोल्याला नेलं. तिथल्या सर्जननं सांगितलं की वृषणाला रक्त पुरवणारी दोरी आतल्या आत पिळली गेली होती. पहिल्या काही तासांत आला असता तर पीळ उलगडून टाके घातले असते. आता ते मेलेलं होतं, काढून टाकावं लागलं. उरलेल्याला पीळ पडू नये म्हणून त्याला टाके घालून दिले.

अशी गोष्ट गावात लपत नाही. कबड्डीच्या मैदानावर त्याचं नाव पडलं, 'सिंगल सिम'. पहिलं वर्ष त्यानं मारामाऱ्यांत काढलं. एकाचा दात पाडला, स्वतःची भुवई फोडून घेतली. पुढे काही वर्षांनी ऑटो घेतला, त्याच आठवड्यात पेंटरला बोलावलं आणि ऑटोच्या मागे मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं, 'सिंगल सिम, फुल रेंज'. मी म्हटलं, "अरे, हे काय?" तर म्हणाला, "लोकायनं मागून बोलायचं ते मी मागंच लिहून ठेवलं. आता बोला म्हणा." त्यानंतर ते नाव घेण्यात कोणाला मजा राहिली नाही.

खामगावला डॉ. मलिहा यांचं छोटं हॉस्पिटल आहे. बाई सर्जन आहेत. त्यांच्याकडच्या तपासणी शिबिराची जाहिरात करायला प्रसेनजितला बोलावलं होतं. कागदावर लिहिलेलं होतं, 'पुरुषांच्या गुप्त आजारांची मोफत तपासणी'. त्यानं वाचलं आणि कागद टेबलावर परत ठेवला.

"मॅडम, हे मी नाही बोलत."

"का? काही चुकलंय का?"

"गुप्त काऊन लिवलं? गुप्त ठेवलं म्हणूनच माहं एक गेलं. हात मोडला तर त्याले गुप्त म्हंता का तुमी?"

डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि त्याला बसायला सांगितलं. त्यानं सगळी हकिकत सांगितली. मग त्यांनी त्याला एक वस्तू दाखवली. मोबाइलला जोडायचा, आगपेटीएवढा कॅमेरा. तो उजेडाचा नाही, उष्णतेचा फोटो काढतो. जिथं ऊब जास्त तिथं लाल-पिवळं, जिथं कमी तिथं निळं. विजेच्या खांबावर कुठली जोडणी तापली ते बघायला असलेच कॅमेरे वापरतात. "पीळ पडला की त्या बाजूला रक्त जात नाही," त्या म्हणाल्या, "म्हणून ती बाजू थंड पडायला लागते. नुसती जंतूंची सूज असेल तर उलट ती बाजू तापते. माझ्याकडे सोनोग्राफीचे डॉक्टर सारखे नसतात. तोवर या कॅमेऱ्याची किती मदत होते, ते मला तपासायचंय. परवानगी मिळालीय. पण आधी निरोगी माणसांचे फोटो हवेत. नेहमीचं कसं दिसतं ते कळल्याशिवाय बिघडलेलं कसं ओळखणार? आणि त्याला एकही माणूस तयार नाही."

"मी आहे न," प्रसेनजित म्हणाला.

त्यानं सही केली. हॉस्पिटलातले ब्रदर राजकुमार यांनी त्याला पंख्याखालच्या थंड खोलीत थोडा वेळ थांबवलं आणि लांबूनच फोटो घेतला. कुठंही हात लावला नाही. पण फोटो बघून डॉक्टरीणबाईंनी मोबाइल टेबलावर ठेवला.

"प्रसेनजित, खरं सांगते. माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं. यात एका बाजूची दुसऱ्या बाजूशी तुलना करायची असते. तुमचा फोटो मला चालणार नाही."

तो म्हणतो की त्या क्षणी त्याच्या कानांत मैदानावरचं सगळं हसू परत वाजलं. मोबाइल उचलून भिंतीवर मारावासा वाटला. त्याऐवजी त्यानं पँटचा पट्टा आवळला.

"बरं. म्हंजे इथंबी मी नापास. मग दोनवाले आणतो मी. किती पाह्यजे ते सांगा."

पुढच्या बाजाराच्या दिवशी त्यानं ऑटो भजीवाल्याच्या बाजूला उभा केला, टपावर चढला आणि माइक हातात घेतला. मी दुकानातून ऐकत होतो.

"भाऊ, दादा, काका, मामा! आज सेल नाही. आज माह्या अंगावरची गोष्ट आहे. मी प्रसेनजित, सहदेव गवंड्याचा पोरगा. माही एक गोटी कापून काढेल आहे. काऊन? तर मी लाजलो! तिथं अचानक कळ आली, सूज आली, उलटी झाली, तर पोट दुखते असं सांगू नका. गोळी खाऊन झोपू नका. सकाळचं संध्याकाळवर टाकू नका. सरळ सर्जनकडं जा! अन् ज्याचं काहीच दुखत नाही, त्यानं माह्यासंग खामगावले चला, डॉक्टरले फोटो पाह्यजे. घाबरू नका, फोटोत तोंड येत नाही!"

भजीवाल्याचा झारा कढईवर तसाच थांबला. बाया पदर तोंडाला लावून पालांच्या आड सरकल्या. मिरच्या विकणाऱ्या मंजुळाबाई तेवढ्या पोट धरून हसत होत्या. "तोंड येत नाही म्हंते, माय!"

तेवढ्यात तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष शेषराव आले आणि त्यांनी भोंग्याची वायर ओढून काढली.

"बायामाणसं आहेत बाजारात. काही लाज आहे का बे तुले?"

"होती काका," प्रसेनजित टपावरूनच म्हणाला. "तिच्यापायीच तर गेलं."

गर्दीतून पंचफुलाबाई पुढे आल्या. हातात सुकटाची पिशवी. मला वाटलं आता ही लेकाला खाली ओढते. त्या शेषरावांसमोर उभ्या राहिल्या.

"भाऊ, हा पोट दुखते म्हणे, अन् मी याले दोन दिस ओवा चारला. तवा कोणी असं भोंग्यावर सांगतलं असतं, तर मी याले पाठीवर घालून अकोल्याले नेलं असतं. लावा ते वायर परत."

शेषरावांनी वायर लावली नाही. त्यांनी ठाण्यात तक्रार दिली. जमादारांनी प्रसेनजितला बोलावून सांगितलं की त्याची परवानगी दुकानांच्या जाहिरातीची आहे, असल्या भाषणाची नाही. वेगळा अर्ज करायचा, तोवर भोंगा बंद.

"भोंगा बंद करतो साहेब. तोंडानं बोललं तर चालते का?"

जमादार हसले. "तोंडाले कोण परवानगी मागते?"

मग काय, पुढच्या बाजाराला हा भोंग्याशिवायच टपावर उभा. ओरडून ओरडून घसा बसला, पण एक शब्द गाळला नाही. त्यापायी साडीवाल्यानं जाहिरात दुसऱ्याला दिली. मेहकरकडे त्याची सोयरीक जवळपास ठरली होती. मुलीच्या मामाचा फोन आला की आता जमणार नाही. प्रसेनजित मला म्हणाला, "बरं झालं, आधीच समजलं." पण त्या दिवशी तो जेवला नाही, हे पंचफुलाबाईंनी मला सांगितलं.

माणसं मात्र यायला लागली. आधी कबड्डीचा जुना संघ, मग त्यांचे मावसभाऊ-चुलतभाऊ. ऑटो भरून खामगावला जायचा आणि परत येताना सगळे उगाच मोठमोठ्यानं बोलत यायचे.

पुढचं ज्या घरात घडलं त्या घरातली नावं मी बदलली आहेत. गुलाम रसूल गाद्या भरतात. त्यांचा मुलगा कामरान एकोणीस वर्षांचा, बापाच्या हाताखाली काम करणारा. एका सकाळी मी दुकानाचं शटर वर करत होतो, तेव्हा कामरानची आई अमीरबी भराभर चालत आल्या आणि ऑटो पुसणाऱ्या प्रसेनजितसमोर थांबल्या.

"बेटा, तू बाजारात जे ओरडत होता न, तसंच माह्या पोराले होऊन राह्यलं. फजरले उठला तवापासून. भिंतीकडं तोंड करून पडला आहे. मले काही सांगत नाही, पण मले समजलं."

तो फडकं टाकून तसाच निघाला. घरी गुलाम रसूल दारातच बसले होते. "मेडिकलवरून गोळी आणली आहे," ते म्हणाले. "दुपारलोग पाहू."

"चाचा, मी दोन दिवस पाह्यलं होतं," प्रसेनजित म्हणाला. "जाणार तर आत्ताच."

कामराननं मान वळवली नाही. "तू जा भाई."

"जातो न. तुले घेऊनच जातो. चालतं का उचलू?"

उचलावंच लागलं. मागून गुलाम रसूलही ऑटोत चढले. वाटेत त्यानं डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, पाणीसुद्धा पाजू नका, सरळ या. हायवेवर ट्रकांच्या रांगा होत्या. प्रसेनजितनं भोंगा चालू केला, बंदी असलेला, आणि "पेशंट आहे, बाजूले व्हा!" असं ओरडत ऑटो खामगावात नेला.

डॉक्टरीणबाईंनी हातानं तपासलं तेव्हाच त्यांना पीळ असल्याचा दाट संशय आला. सोनोग्राफीचे डॉक्टर दुपारी येणार होते. ऑपरेशनची तयारी करायला सांगून त्यांनी तेवढ्यात कॅमेरा धरला. गुलाम रसूल म्हणत होते, "दुपारी मोठी मशीन पाहून मग कापा. जवान पोरगा आहे." बाईंनी मोबाइल त्यांच्यापुढे धरला.

"चाचा, ही उजवी बाजू बघा, पिवळी आहे. ही डावी. निळी पडत चाललीय. तिकडे रक्त जात नाहीये. मोठ्या मशीनची वाट बघत बसलो तर वेळ हातातून जाईल."

गुलाम रसूल यांनी वाकून तो निळा डाग पाहिला. मग खांद्यावरच्या रुमालानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "करा." कामराननं पडल्या पडल्या सही केली.

ऑपरेशन झालं. दोरी पिळलेली होतीच. उलगडल्यावर काळपट पडलेल्या वृषणावर हळूहळू गुलाबी रंग आला. वाचलं. दोन्ही बाजूंना टाके घातले.

बाहेर प्रसेनजित भिंतीला टेकून बसला होता. बातमी ऐकून त्याला आनंद झाला, आणि त्याच वेळी एवढा राग आला की तो उठून रस्त्यावर गेला. "कोणावर राग?" मी नंतर विचारलं. "कोणावर सांगू? एवढं सोपं होतं," तो म्हणाला. "एवढंच करायचं होतं."

रस्त्यावरून परत आल्यावर त्यानं जाहीर केलं की आता गावोगाव सांगतो, कॅमेऱ्यानं पोरगं वाचवलं. डॉक्टरीणबाई एकदम कडक झाल्या.

"असं अजिबात सांगायचं नाही. तो वेळेवर आला म्हणून वाचला. कॅमेऱ्याचं काम अजून तपासणीत आहे. फोटो पिवळा आला असता तरी हाताला संशय आला म्हणून मी ऑपरेशन केलंच असतं. उद्या कोणी फोटो चांगला आला म्हणून घरी बसला, तर त्याचं कोण बघणार?"

त्यानं वाद घातला, मग ऐकलं. संध्याकाळी तो कामरानच्या खाटेजवळ गेला. कामराननं आभार मानले नाहीत. एवढंच म्हणाला, "भाई, कोणाले सांगू नको."

"तुझं नाव नाही घेत. माहंच पुरते मले."

नंतर गुलाम रसूल आपणहून त्याच्यासोबत ठाण्यात गेले. मुलाचा विषय काढला नाही. "हे साऱ्या गावाचं काम आहे," एवढंच म्हणाले आणि भोंग्याच्या अर्जावर प्रसेनजितच्या सहीखाली दुसरी सही केली. बाजाराच्या दिवशी थोड्या वेळाची परवानगी मिळाली. शेषराव अजून प्रसेनजितशी बोलत नाहीत. समोरून ऑटो आला की रस्ता ओलांडतात. हा मुद्दाम हॉर्न वाजवून "जय भीम काका" म्हणतो.

गेल्या आठवड्यात मी त्याच्यासोबत वरवट बकालच्या बाजाराला गेलो होतो. तिथं त्याला कोणी ओळखत नव्हतं. पहिल्या दोन वाक्यांतच बाजारात हशा फुटला. पोरं शिट्ट्या मारायला लागली, कोणीतरी त्याच्या दिशेनं कांद्याची पात भिरकावली. त्यानं माइक खाली केला आणि उन्हात तसाच उभा राहिला, कमरेवर हात ठेवून, एकेकाच्या डोळ्यांत बघत. हसणं पातळ झालं. शिट्ट्या थांबल्या. मग माइक तोंडाजवळ नेऊन तो म्हणाला, "झालं? आता पह्यल्यापासून सांगतो," आणि स्वतःच्या नावापासून पुन्हा सुरुवात केली.