डाव्या पंखाची शिवण

भिंगारच्या मुलींच्या शाळेत दयाबाई शिवण शिकवत. १९४४च्या हिवाळ्यात एका सकाळी वर्गाच्या दारात हवाई दलाचा मेकॅनिक येऊन उभा राहिला. काष्टीचा गहिनीनाथ.

"बाई, इमानाचं कापड शिवायचंय. आमचा शिवणारा गडी मलेरियानं दवाखान्यात पडलाय."

दयाबाईंना आधी थट्टाच वाटली. पण गावाबाहेरच्या माळावर लढाईपुरती धावपट्टी केली होती, तिथे खरंच एक लढाऊ विमान उभं होतं. त्याचे पंख पत्र्याचे, पण डाव्या पंखाच्या मागच्या कडेला, टोकाशी, बिजागरीवर हलणारी एक लांब झडप होती. तिच्यावर कापड होतं. उतरताना ते बाभळीला घासून टरकलं होतं.

दुपारपर्यंत दयाबाईंनी झडपेच्या सांगाड्यावर नवं कापड चढवून दिलं. गहिनीनाथने वर उग्र वासाचं रोगण फासलं. वाळता वाळता कापड ढोलकीसारखं ताणलं गेलं.

"पण ही झडप करते तरी काय?" त्यांनी विचारलं.

गहिनीनाथने दोन्ही हात पसरले. "पुढचं इंजिन लई ताकदीचं. पंखा उजवीकडं फिरतो, तसं इमान डावीकडं कलाया बघतं. ह्याचे पंख जाड अन् रुंद, म्हनून सावरतं बिचारं. तरी कललंच, तर पायलट ही झडप हलवून पंख उचलतो. पर मागची कड जड झाली, तर झडप वेगात थडथडाया लागती. मग पंखसुदिक मोडतो."

दयाबाईंनी झडपेच्या मागच्या कडेवरून बोट फिरवलं. कापड मजबूत व्हावं म्हणून मागच्या कडेला त्यांनी आतून दुहेरी पट्टी घातली होती. रोगणाखाली ती कुणाला दिसलीही नसती.

"गहिनीनाथ, कात्री आणा. माझं चुकलंय. सगळं उसवावं लागेल."

विमान घेऊन आलेला वैमानिक वैतागला. त्याला संध्याकाळच्या आत पुणं गाठायचं होतं. बोटभर पट्टीचं वजन ते काय, असं तो म्हणाला. दयाबाई मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत म्हणाल्या, "साहेब, ऊपर आप जाएगा. मैं तो नीचे रहेगी."

गहिनीनाथने झडप काढून बिजागरीच्या रेषेवर टांगली. मागची कड झपकन खाली गेली. वैमानिक तंबूत जाऊन बसला.

दुसरा दिवस पुन्हा शिवण्यात गेला. या वेळी एकेरी कड, सारखे टाके. झडप टांगली, तेव्हा ती आडवी राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी विमान धूळ उडवत निघालं. वर उठताना डावीकडे किंचित कललं, तसा दयाबाईंनी पदर मुठीत घट्ट धरला. पण पंख सरळ झाले. माळावर एक फेरी मारून विमान पुण्याच्या दिशेने दिसेनासं झालं.

"जमलं की वो, बाई!" गहिनीनाथ ओरडला.

दोन महिन्यांनी पुण्याच्या दुरुस्ती कारखान्यातून पत्र आलं. शिवणखात्यात बाई हव्या होत्या, आणि त्यांचं नाव त्या वैमानिकानेच सुचवलं होतं. दयाबाईंचे वडील यशया मास्तर पत्र दोनदा वाचून म्हणाले, "बाळ, तिकडे राहायची सोय कशी आहे, तेवढं आधी विचार." सोय बरी होती. दयाबाई गेल्या.

लढाई संपेपर्यंत त्यांच्या हाताखाली पाच बायका तयार झाल्या. पुढे अंगभर पत्र्याची विमानं येऊ लागली, शिवणकाम कमी झालं. तेव्हा अडतिसाव्या वर्षी दयाबाई पत्रे जोडणारे रिव्हेट ठोकायला शिकल्या. पहिल्या आठवड्यात तीन बोटं चेचली, चौथ्या आठवड्यात त्यांची रांग सगळ्यांत सरळ आली.