बाळकुमच्या मैदानावर एकमत

घरं बांधणाऱ्या आर्किटेक्टकडे घरांचे किस्से जमतात, माझ्याकडे सभांचे जमलेत. आमच्या ठाण्याच्या ऑफिसला 'उद्याचं शहर, नागरिकांच्या सहभागातून' असली कामं मिळतात. म्हणजे आराखडा करायचा, लोकांना बोलवायचं आणि त्यांचं ऐकायचं. डोंबिवलीला घरी पोचले की नवरा विचारतो, "आज काय नवीन?" पूर्वी सांगताना आम्ही दोघं हसायचो. हल्ली तो एकटाच हसतो.

*

आंबिवलीला आम्ही पडद्यावर भविष्यातला स्टेशन रोड दाखवला. झाडं, सायकली, कारंजं! रस्त्यावरची माणसं कॉम्प्युटरमधली तयार टाकलेली, त्यामुळे सगळे गोरे, उंच, हातात कॉफीचा कप.

फिल्म संपली. पहिल्या रांगेतले एक आजोबा बराच वेळ पडद्याकडे बघत होते. मग उठून म्हणाले, "छानच आहे हो. पण आम्हाला कुठे हलवणार?"

*

बाळकुमला एक मोकळं मैदान होतं. एका बाजूला टॉवर, दुसऱ्या बाजूला जुनी चाळ. मैदानाचं काय करायचं ते नागरिकांना विचारायचं ठरलं. सभा बुधवारी, सकाळी अकराला!

मी प्रकल्पाच्या साहेबांना म्हटलं, "सर, लोक कामावर असतात. रविवारी संध्याकाळी ठेवूया ना."

साहेबांनी माझी कीव केल्यासारखं पाहिलं. "मॅडम, रविवारी ठेवली तर लोक येतील ना!"

*

तरीही चाळीतून शोभाताई कांबळे आल्या. खोपटला एका लॅबमध्ये कामाला, हाफ डे टाकून आलेल्या. त्यांचं मागणं एवढंच, की मैदान संध्याकाळी सगळ्यांना खुलं राहावं आणि चार बाकडी असावीत.

"आमची एकच खोली आहे, मॅडम. पोरगी दहावीला. ती अभ्यासाला बसली की आम्ही दोघं आणि सासूबाई मैदानात येऊन बसतो. दुसरं जाणार कुठे?"

मी ते ठळक अक्षरांत लिहून घेतलं. तेवढ्यात टॉवरच्या सोसायटीचे सेक्रेटरी दामले काका उभे राहिले. बँकेतून निवृत्त झालेले, भाषा अत्यंत सुसंस्कृत.

"मैदान सुशोभित करण्यास आमचा पूर्ण पाठिंबा आहे. मात्र बाकडी नकोत. बाकडी ठेवली की लोक बसतात!"

आणि चक्क टाळ्या पडल्या.

*

मग टेबलावर नकाशा पसरून सगळ्यांना रंगीत चिठ्ठ्या दिल्या. स्वच्छतागृह हवं, यावर कुणाचा वाद नव्हता. ते कुठे हवं, तिथे चिठ्ठी चिकटवायची. ए विंगने ती बी विंगसमोर लावली, बी विंगने ए विंगसमोर. आवाज चढले. चहा आला. चहा पितापिता चिठ्ठ्या हळूहळू सरकायला लागल्या आणि शेवटी सगळ्या जाऊन बसल्या चाळीच्या दारात! शोभाताई तोवर कामावर गेलेल्या.

साहेब एकदम खूश. "बघा मॅडम, याला म्हणतात एकमत!"

मला इतका संताप आला, की चहाचा कप तसाच ठेवून मी बाहेर जाऊन उभी राहिले.

*

पुढच्या आराखड्यात बाकडी गेली. कुंपण आलं, फाटक आलं. देखभाल टॉवरच्या सोसायटीकडे, म्हणून आत जायला सोसायटीचा पास. मी भांडले. "सर, शोभाताईंच्या सूचनेचं काय? आपणच मागवली होती ना?"

"सूचना मागवायची तरतूद आहे, मॅडम," साहेब शांतपणे म्हणाले. "ऐकायची कुठे आहे, दाखवा मला!"

*

उद्घाटन झाल्यावर एका संध्याकाळी मी मैदान बघायला गेले. हिरवळ सुरेख होती, खोटं कशाला बोलू. फाटकाच्या आत भलामोठा बोर्ड, 'नागरिकांनी घडवलेलं मैदान'. त्याखाली आमच्या सभेतला फोटो. फोटोत हात वर करून बोलणाऱ्या शोभाताई!

खऱ्या शोभाताई फाटकाबाहेर उभ्या होत्या, सासूबाईंचा हात धरून. पोरगी घरी अभ्यासाला बसलेली. मला बघून त्या म्हणाल्या, "फोटो चांगला आलाय ना, मॅडम?"



आतून वॉचमन आला. "पास?"

"पास नाही ओ." शोभाताईंनी बोर्डाकडे बोट दाखवलं. "पण ती मीच आहे."

वॉचमनने वळून फोटो नीट पाहिला, मग शोभाताईंकडे पाहिलं.

"हो, तुम्हीच आहात," तो म्हणाला. "पण फोटो नाय चालत, ताई. पास लागतो."